माझ्या मापाची रुग्णवाहिका

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा (वयाने, आणि उंचीनेही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो) साष्टांग नमस्कार. या वेळचा नमस्कार मी खरोखरच आडवा होऊन घालतो आहे, फक्त उताणा. त्याचं कारण पुढे येईल.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना दिवसातून एकदाच चढायचा असं ठरलं होतं. ते पाळतेस का, हे विचारत नाही, कारण खोटं उत्तर मिळेल. भाऊजींच्या कपाळावरचं टेंगूळ बसलं का? (सहा फुटी माणसाने पावणेसहा फुटी दारांचं घर घ्यावं आणि त्यात वीस वर्षं काढावीत, याला मी चिकाटी म्हणतो. तू काय म्हणतेस ते मी ऐकलेलं आहे.) इकडे सगळं ठीक. माझी तब्येत उत्तम. हे सगळं फोनवर का सांगत नाही असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्ये बोलतेस आणि गोष्ट संपायच्या आत निकाल लावून मोकळी होतेस, म्हणून पत्र.

आमच्या रुग्णवाहिका केंद्रात आम्ही सात माणसं आणि एक गाडी. मी स्टोअर सांभाळतो, म्हणजे कापसापासून बल्बपर्यंत सगळं माझ्या कुलपात असतं आणि माझ्या वहीत सही केल्याशिवाय टाचणीसुद्धा हलत नाही. जुन्या गाडीचं मागचं दार लागत नसे, ते दोराने बांधावं लागे, आणि दोर ही स्टोअरची वस्तू असल्यामुळे प्रत्येक फेरीला मी तो सही घेऊन देत असे आणि सही घेऊन परत घेत असे. (ड्रायव्हरचं म्हणणं, दोर गाडीतच राहू द्यावा. मग स्टोअर तरी कशाला ठेवायचं?) शेवटी वरून हुकूम आला की नवी गाडी मिळेल, तिची रचना तुमची तुम्ही ठरवा, पण तपासणीत नापास झालात तर केंद्र बंद. केंद्र बंद म्हणजे सात माणसांच्या सात दिशांना बदल्या, आणि इथे कोणाचं काही बरंवाईट झालं तर गाडी शेजारच्या शहरातून येणार, चाळीस मिनिटांनी. चाळीस मिनिटांत माणूस एकतर आपोआप बरा होतो किंवा त्याला गाडीची गरज उरत नाही, असं आमच्या सिस्टर म्हणतात, आणि त्या थट्टा करत नाहीत.

साहेबांनी त्याच दिवशी जाहीर केलं की आपण नुसती गाडी बनवायची नाही, आदर्श गाडी बनवायची. मग प्रत्येकाला आपापला आदर्श आठवला. सिस्टरना सगळं सामान जागचं न उठता हाताला लागायला हवं होतं. ड्रायव्हरला स्वतःच्या आणि रुग्णाच्या नातेवाइकांच्या मध्ये जाड काच हवी होती, कारण बावीस वर्षांत रस्ता चुकवला तो फक्त रस्ता दाखवणाऱ्यांनी. साहेबांना फाइल ठेवायला कप्पा आणि तो कप्पा दिसावा म्हणून दिवा. मी एवढंच मागितलं की गाडीतल्या सगळ्या कपाटांना कुलपं असावीत आणि किल्ल्या माझ्याकडे असाव्यात. सिस्टरनी विचारलं, रुग्णाचं रक्त वाहत असेल तर पट्टीसाठी मी केंद्रावर परत येऊन सही करायची का? मी म्हटलं, घाई आहे म्हणून शिस्त सोडायची नसते. मतदान झालं. माझ्या बाजूने एक मत पडलं, ते कोणाचं हे सांगायला नको. मी माझी हरकत लेखी नोंदवली, म्हणजे उद्या काही झालं तर कागद असावा.

कागदावरच्या नकाशावरून कोणालाच काही कळेना, म्हणून साहेबांनी पुढच्या हॉलच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची गाडी आखली. आणि नियम केला की खडूची रेघ कोणी ओलांडायची नाही, गाडीत जायचं ते मागच्या दाराने. साहेबांची खोली हॉलच्या एका टोकाला आणि चहा दुसऱ्या टोकाला, त्यामुळे ते रोज दोनदा मागच्या दाराने आत शिरत, मान वाकवून गाडीतून चालत आणि ड्रायव्हरच्या दाराने उतरत. (खडूला छप्पर नसतं हे त्यांना कळत होतं, पण निष्ठा म्हणून वाकत.) पोस्टमननेही आठवड्याभरात ही सवय लावून घेतली. आता गाडी झाली तर रुग्ण हवा. ड्रायव्हर आडवा झाला की घोरतो, सफाईच्या मावशी आडव्या होणार नाहीत, साहेब साहेब आहेत. उरलो मी. मला इथे पाऊणराव म्हणतात, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं, कारण तू हसशील हे मला माहीत होतं. आता हसून घे.

तर तीन महिने, जेवणाच्या सुट्टीनंतर एक तास, मी फरशीवर रुग्ण होतो. सोमवारी मोडलेला पाय, मंगळवारी भाजणं, बुधवारी घेरी, गुरुवारी हृदयविकार, शुक्रवारी सिस्टरना सुचेल ते. मी विव्हळायचं आणि त्यांनी बसल्या जागेवरून हात लांबवून बघायचं की ऑक्सिजन कुठे हवा आणि पट्ट्या कुठे. शिक्षिका म्हणून बाई कडक. पहिल्या गुरुवारी मी छाती धरून मोठ्याने ओरडलो, तर म्हणाल्या, नाटकात जा. खरं दुखतं तेव्हा माणूस गप्प होतो, घाम फुटतो, आणि कळ डाव्या हातात आणि जबड्यात जाते, उजव्या गुडघ्यात नाही. मी मन लावून शिकलो. महिन्याभरात माझा हृदयविकार इतका सुधारला की गुरुवारी बाजूच्या ऑफिसातली मंडळी बघायला येऊ लागली. ताई, शाळेत असताना मला एकदाही नाटकात घेतलं नव्हतं, ते तुला आठवत असेल.

मधे एक गोष्ट झाली. एका सकाळी मावशींनी फरशी पुसली आणि आमची गाडी बादलीत गेली. मावशींचा दोष नाही, त्यांना फरशी पुसायचाच पगार मिळतो. साहेबांनी मापांची सरकारी पुस्तिका शोधली, ती सापडली नाही (नंतर सापडली, त्यांच्याच डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, आणि ती तिथे मीच रीतसर नोंद करून दिली होती). मग ते म्हणाले, पाऊणराव, आडवे व्हा. मी आडवा झालो. त्यांनी डोक्याशी दोन बोटं आणि पायाशी दोन बोटं सोडून माझ्याभोवती स्ट्रेचर आखलं, स्ट्रेचरभोवती कपाटं आखली आणि कपाटांभोवती गाडी. सगळ्यांनी मान डोलावली. मी त्यात व्यवस्थित मावत होतो, आणि त्या फरशीवर आम्ही दुसरा रुग्ण पाहिलाच नव्हता.

इथवर चूक सगळ्यांची होती. पुढची माझी एकट्याची आहे, आणि ती मी फक्त तुला सांगतो आहे. गाडीची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यातून एक दिवस फोन आला. तो मीच उचलला. पलीकडचा कारागीर सभ्यपणे म्हणाला, स्ट्रेचरचं माप पाहिलं, ही गाडी लहान मुलांसाठी आहे का? ताई, त्या क्षणी मला आपल्या स्वयंपाकघराचं दार दिसलं. दर वाढदिवसाला तू मला त्याला टेकवून उभं करायचीस आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायचीस. तेराव्या वर्षी रेघ जिथे पडली तिथेच चौदाव्या वर्षी पडली, आणि पंधराव्या वर्षी तू पेन्सिल कुठे ठेवली ते विसरल्याचं सांगितलंस. मी त्या कारागिराला ताडकन म्हटलं, माप पूर्ण वाढलेल्या माणसाचं आहे, दिलंय तसं बनवा. त्याने तसंच बनवलं. हातात कसब आहे त्या माणसाच्या, एका सुताचा फरक नाही.

गाडी आली ती इतकी सुरेख की ड्रायव्हर तिच्याभोवती चपला काढून फिरला. पाठोपाठ तपासनीस आले. उंच, हडकुळे, आणि शब्द मोजून वापरणारे. म्हणाले, रुग्ण. मी चढलो, आडवा झालो, दार लागलं. दोर न लावता दार लागलं, हे पाहून साहेबांचे डोळे भरून आले. सिस्टरनी बसल्या जागेवरून सगळं काढून दाखवलं. तपासनीस खूश झाल्यासारखे वाटले, आणि मग म्हणाले, आता दुसरा रुग्ण. कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी बूट काढले आणि ते स्वतः आडवे झाले. गुडघ्यांच्या खालचा बराचसा भाग बाहेर राहिला. ड्रायव्हरने दार अदबीने लावून पाहिलं, मग विचारलं, जरा कुशीवर होता का? तपासनीस उठले, बूट घातले, बॉनेटवर फाइल ठेवली आणि लिहू लागले. ते काय लिहितायत हे कोणी सांगायची गरज नव्हती. साहेब एकदम म्हातारे दिसायला लागले. मावशी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि मला तो फोन आठवत होता.

तेवढ्यात मी छाती धरून खाली बसलो. गुरुवारच होता. ओरडलो नाही, शिकवल्याप्रमाणे गप्प राहिलो. घाम आणला, हात डावाच धरला, जबड्याचंही विसरलो नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला आणि मोठ्याने म्हणाले, उचला. चौघांनी उचललं, तपासनिसांची फाइल बॉनेटवरून ड्रायव्हरने आत टाकली होती म्हणून तेही आत चढले, घडीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसले, आणि दार लागलं. मोठ्या इस्पितळात आम्ही अकरा मिनिटांत पोचलो. शेजारच्या शहरातून गाडी नुसती यायलाच चाळीस लागली असती, इथे अकरा, हे त्यांनी स्वतःच्या घड्याळावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेरा आला: गाडी उपयुक्त, केंद्र चालू ठेवावं, स्ट्रेचर आणि मागचा भाग महिन्याभरात सव्वा फुटाने वाढवून घ्यावा. केंद्रात पेढ्यांऐवजी साहेबांनी सगळ्यांना सुट्टी वाटली. असा अभिनय आजवर पाहिला नाही, असं प्रत्येकजण म्हणतो आहे.

तर अशी ही हकीकत. केंद्र वाचलं, सगळे आपापल्या जागी आहेत, काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. १ : वरचं सगळं खरं आहे, एक सोडून. तो अभिनय नव्हता. हे फक्त सिस्टरना माहीत आहे, आणि तपासनिसांना. गाडीत सिस्टर आधी माझ्या कानाशी म्हणाल्या, छान चाललंय. मग त्यांनी हृदयाच्या यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी पाहिली आणि त्यानंतर इस्पितळापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त हात चालत होते. सगळं हाताला लागत होतं. कपाटाला कुलूप नव्हतं. असतं तर किल्ली माझ्याच खिशात असती, आणि त्या वेळी मला माझा खिसा सापडला नसता. माझी लेखी हरकत मी मागे घेतो आहे, हे साहेबांना बरा झाल्यावर कळवीन.

ता. क. २ : साहेब काल भेटायला आले होते. इकडे-तिकडे बघून पुटपुटले, पाऊणराव, आता पुरे, हुकूम आलाय, उठा. मी म्हटलं, अजून दोन दिवस राहतो, संशय नको. ते खुशीत गेले. त्यांना सांगायला हवं होतं, पण एकदा त्यांना खरं सांगितलं की मलाही ते खरं मानावं लागेल. तू आलीस तर तूही बोलू नकोस.

ता. क. ३ : तू आलीस तर, असं लिहिलं, पण यायलाच हवं. मंगळवारी शस्त्रक्रिया आहे आणि फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागते. तिथे मी तुझं नाव न विचारता घालून टाकलं आहे. भाऊजी येणार असतील तर त्यांना सांभाळून आण. गाडी अजून वाढवून झालेली नाही, त्यांना काही झालं तर पाय बाहेर राहतील.

ता. क. ४ : ताई, मी घाबरलो आहे. दाराला टेकवून रेघ मारताना तू डोक्यावर हात ठेवून म्हणायचीस, हलू नकोस, आत्ता होईल. मंगळवारी सकाळी तेच कोणीतरी मला म्हणणार आहे. तू म्हणालीस तर मी हलणार नाही.