आकडा पाच, पाय गार

सोमवार, ३
आज अतिदक्षता विभागात तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो. माझ्या टेबलावर सकाळचं ऊन थेट येतं. तेवढ्यावरच मी खूश. माझं यंत्र जेमतेम डब्याएवढं. रुग्णाच्या गळ्यावर आणि छातीवर चार चिकटपट्ट्या लावायच्या, त्याची उंची आणि वजन भरायचं, की हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं ते पडद्यावर येतं. सुई नाही, नळी नाही, रक्ताचा थेंब नाही. भोसकल्याशिवाय माणसाच्या हृदयाची विचारपूसच करायची नाही, हा कुठला न्याय? चहाच्या वेळी हे सगळ्यांना ठणकावून सांगितलं. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, पट्ट्या लावून हृदय कळत असतं तर लग्नाआधी आमच्या ह्यांनाच लावून बघितल्या असत्या. सगळे हसले. मीही.

माझा एक नेम आहे. रोज सकाळी पट्ट्या आधी स्वतःला लावतो. माझ्या छातीला जे चालेल तेच दुसऱ्याच्या छातीला. आज ५.४. ठणठणीत.

गुरुवार, ६
सहा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका आल्या. चणीनं लहान, उंची पावणेपाच फूट, वजन एकेचाळीस किलो. शुद्ध येत-जात होती, तरी मला म्हणाल्या, शर्टाचं वरचं बटण लाव. गडबडीतच पट्ट्या लावल्या. आकडा आला पाच. उत्तम. त्यांची लेक बाहेर बाकावर बसली होती. तिला म्हणालो, ताई, निर्धास्त राहा.

सिस्टरांनी मात्र बाईंच्या पावलांना हात लावला आणि म्हणाल्या, पाय गार आहेत रे, मला हे पटत नाही. मी भडकलो. असल्या अंदाजांवर विसंबून आजवर किती माणसं घालवली, असं सगळ्यांदेखत सुनावलं. मोठ्या डॉक्टरांनी माझा आकडा मानला. हृदयाला जोर देणारं औषध कमी केलं.

शुक्रवार, ७
बाई सकाळी साडेदहाला गेल्या. शेवटपर्यंत पडद्यावर पाचच होते. लेकीनं मला एवढंच विचारलं, तुम्ही निर्धास्त राहा म्हणाला होतात ना?

शनिवार, ८
उलगडा झाला. गुरुवारी स्वतःची चाचणी झाल्यावर ‘नवा रुग्ण’ हे बटण दाबायचं राहिलं. यंत्रात उंची माझी, सहा फूट. वजन माझं, ब्याऐंशी. त्या इवल्या छातीचं गणित माझ्या देहावर झालं. त्यांची मापं घालून पुन्हा मांडलं. अडीच. फक्त अडीच.

सिस्टरांचा हात खरा होता.

कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या एका चुकीपायी यंत्र बदनाम होईल, पुन्हा प्रत्येक खाटेवर सुया येतील. नोंद पुसून टाकली. हे मी स्वतःसाठी केलेलं नाही.

सोमवार, १०
सकाळची चाचणी: ३.१. पट्ट्या बदलल्या. तरी ३.१. मग वर लक्ष गेलं. उंची पावणेपाच फूट, वजन एकेचाळीस. मी भरलेलं नव्हतं. माझी मापं घातली. डोळ्यांदेखत पुन्हा एकेचाळीस झालं.

मंगळवार, ११
२.८. पँटचे पाय जमिनीवर लोळतात. शर्टाचं वरचं बटण लावलेलं — मी कधीच लावत नाही.

बुधवार, १२
जिन्यात कोसळलो. खाट एकच रिकामी होती. सहा नंबर. डॉक्टरांनी माझंच यंत्र मला लावलं. त्यांच्यासमोर आकडा ५.४. ते वळले की अडीच. सुई टोचा, नळी घाला, खरं काय ते बघा, म्हणून हात जोडले. ते हसले. म्हणाले, भोसकल्याशिवाय विचारपूस करायला तूच शिकवलंस ना.

सिस्टरांनी माझ्या पावलांना हात लावला. काढला. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला नको सांगूस, तिला सांग. लेक उद्या अकराला कागदपत्रं न्यायला येणार आहे.

गुरुवार, १३
दहा. २.२. पडद्यावर माझं नाव नाही — बाईंचं आहे.

सव्वादहा. गुडघ्यापर्यंत गार. अकरापर्यंत थांबायचं. फक्त अकरापर्यंत —

डॉक्टर येऊन गेले. ५.४. निर्धास्त राहा म्हणाले.

साडेदहाला दोन मिनिटं कमी. सिस्टर, ही वही तिच्याच हातात द्या. ताई, तुमच्या आईचे पाय गार होते आणि मला ते — आकडा त्यांचा नव्हता, तो माझ्या