मुलाने माझ्या तंबूबाहेर उभे राहण्याबाबत

मी, काकिन सारीबाएवा, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, राहणार मौजे साय-बाशी, नारीन प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणू पाहणाऱ्यांचे काय होते हे गावाला ठाऊक आहे. यापूर्वी मी असे पत्र केलेले नाही. कचेरीत असताना मी लोकांची पुष्कळ मृत्युपत्रे वाचली. त्यांवरून झालेली बहुतेक भांडणे अर्धवट वाक्यांमुळे झाली होती, म्हणून मी वाक्ये पूर्ण लिहिणार आहे. त्यात इकडचे तिकडचे आले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. राहते घर, अंगण, गोठा आणि मागचे बटाट्याचे वावर मी माझी मुलगी सोनुन हिला देते. आमच्या रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाकडे जाते, आणि मला मुलगा एकच, सागिन, म्हणजे थोरला तोच आणि धाकटाही तोच. त्याला राजधानीत घर आहे. सोनुन नवऱ्याला सोडून आल्यापासून इथेच आहे, आणि दर हिवाळ्यात पहाटे उठून शेगडीतली राख तीच काढते. ज्याने राख काढली त्याचे घर, असा कायदा नाही. मी तो या घरापुरता करते.

कलम २. गाय, मेंढ्या आणि शिलाई मशीन सोनुनचे. बँकेत जे असेल तेही तिचेच. किती आहे ते बँक सांगेल. शेजारी शार्शेन मामितोव यांना मी काहीही ठेवत नाही. ते या पत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला लाभ देता येत नाही. खरे म्हणजे गाय त्यांना द्यावी असे मनात आले होते. पण त्यांच्या घरातून जे गेले ते गाईने भरून येणारे नाही, आणि ते मलाही कळते.

कलम ३. कायद्याची पुस्तके. अर्धी जुन्या राज्याची आहेत आणि त्या राज्याबरोबरच रद्द झाली. ती चूल पेटवायला वापरावीत, कागद चांगला आहे. उरलेली शाळेला द्यावीत. कोणी वाचणार नाही, पण कपाट भरलेले दिसेल.

कलम ४. माजी सरकारी वकील बेक्तुर यांनी माझा चहाचा पितळी समोवार मुलीच्या लग्नासाठी नेला. त्या मुलीलाही आता सून आली. सोनुनने तो जाऊन मागावा. ते सापडत नाही म्हणतील. त्यांनी जन्मभर कचेरीतही पुरावा असाच हरवला, तेव्हा तिने दारातच बसून राहावे, चहा घेऊ नये.

कलम ५. माझ्या मागे एकच घोडा कापावा. सागिन दोन म्हणेल आणि राजधानीतून आचारी आणीन म्हणेल. आणू देऊ नये. गावातल्या बाया कणकेचे बोर्सोक तळतील, तेवढे पुरे. कबरीच्या दगडावर माझा चेहरा कोरू नये. माझ्या नवऱ्याच्या दगडावर कारागिराने त्याला अशी टोपी घातली आहे जी त्याने आयुष्यात डोक्याला लावली नव्हती, आणि मी वर्षानुवर्षे तिथे जाऊन त्या टोपीशीच बोलते.

कलम ६. या कलमात काही द्यायचे नाही, सांगायचे आहे. पुढची कलमे त्याशिवाय समजणार नाहीत.

माझा मुलगा सागिन नदीनाले व बंधारे खात्याचा मंत्री होता. आमच्या गावाच्या डोक्यावर जी घळ आहे, तिच्या तोंडाशी त्याच्या खात्याने बांध घातला. उद्घाटनाला तो आला तेव्हा मेंढीचे मुंडके रीतीप्रमाणे मानाचा पाहुणा म्हणून त्याच्यापुढे ठेवले, आणि त्याने त्यातला कान कापून शार्शेनच्या नातवाला दिला. तीन वर्षांनी मे महिन्यात वरून चिखलाचा लोंढा आला आणि बांध खडीच्या ढिगासारखा बसला. खालची गल्ली गेली. शार्शेनची सून आणि दोन्ही नातवंडे त्यात गेली. लोक म्हणाले की जाळीत बांधलेले मोठे दगड फक्त दर्शनी भागात होते, आत नुसती रेती होती. ते खरे की खोटे हे मला माहीत नाही. मी न्यायाधीश होते, लोक म्हणाले म्हणून मी कोणाला दोषी धरलेले नाही आणि सागिनलाही धरत नाही. आरोप आहे, एवढेच मी म्हणते.

पण आरोप झालेल्या माणसाने उभे राहून उत्तर द्यायचे असते. मेंढीचोरालाही मी उभे करत असे. सागिन कुठेच उभा राहिला नाही. संसदेच्या समितीने बोलावले तेव्हा पाठदुखीचा दाखला गेला. खटल्यापासून त्याला असलेले संरक्षण काढायचे की नाही यावर मतदान ठरले, त्या दिवशी सभागृहात पुरेसे सदस्यच आले नाहीत. चौकशी आयोगाने "निसर्गाचा प्रकोप" असे लिहून अहवाल दिला. मग त्याने राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत तो राजदूत म्हणून दूरच्या देशात गेला. आमच्याकडे मंत्र्याला घरी पाठवत नाहीत, परदेशी पाठवतात. शार्शेन दोनदा राजधानीला गेले आणि दोन्ही वेळा फाटकावरून परत आले. मीही अर्ज केला. उत्तर आले की आईला मुलाविरुद्ध तक्रारदार होता येत नाही. असा नियम कुठेही नाही, मी शोधून पाहिला.

गेल्या नवरोजला सागिन घरी आला होता. माझ्यासाठी लोकरी शाल आणली होती. जेवण झाल्यावर मी त्याला सरळ विचारले.

"सागिन, त्या बांधाच्या पोटात दगड होते की रेती?"

"आपा, ते प्रकरण चौकशीत आहे. मला बोलता येत नाही."

"चौकशी बंद होऊन वर्ष झालं."

"म्हणूनच तर. बंद झालेलं कशाला उघडायचं?"

मी म्हटले, बरे, निदान शार्शेनच्या घरी जाऊन ये, समोरच तर आहे. त्याने चहाची वाटी खाली ठेवली.

"गेलो की ती कबुलीच दिसेल, आपा. वकील नको म्हणतो."

"वकिलाला विचारून तू शेजाऱ्याकडे जाणार?"

तो उठून कोट घालू लागला. जाताना त्याची गाडी शार्शेनच्या दारावरूनच गेली, आणि काचा काळ्या होत्या. मला त्याचा राग आला असे लिहिणार होते, पण ते खरे नाही. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याची दया आली. लहानपणी तापात तो माझा कान धरून झोपत असे. तोच हा मुलगा, आणि तो मला अजूनही फार प्रिय आहे. हेही नोंदीत असावे.

कलम ७. मी गेल्यावर रीतीप्रमाणे अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभारावा, मला त्यात ठेवावे, आणि दोन रात्री तिथेच राहू द्यावे. याबद्दल इमामसाहेबांशी माझे बोलणे झाले आहे. हल्ली मयत त्याच दिवशी उचलावी असे त्यांचे मत आहे. ते म्हणाले, "एजे, उशीर करू नये, धर्मात बसत नाही." मी म्हटले, "मुलगा परदेशातून यायचाय, आणि मला त्याला एकदा नीट भेटायचंय." त्यावर ते दोन रात्री चालतील म्हणाले.

आमच्यात तंबूच्या आत बायका, आणि मुलगा बाहेर. कंबरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून त्याने उभे राहायचे. माणसे येतील तसे मोठ्याने रडायचे आणि प्रत्येकाला सामोरे जायचे, मग तो मित्र असो की वैरी. त्याला बसता येत नाही, आत जाता येत नाही, आपल्या जागी दुसऱ्याला उभे करता येत नाही. समन्स, वॉरंट, ठराव, सगळे होऊन गेले. सागिनला लोकांपुढे उभे करणारी ही एकच जागा उरली आहे. मंत्र्याला दाखला देता येतो, मुलाला देता येत नाही. त्याचे अंगरक्षक आले तर त्यांना फाटकाबाहेर चहा द्यावा, आत घेऊ नये. सोनुनने आत शोकगीत गाताना भावाला टोमणे मारू नयेत. तिची जीभ मला माहीत आहे, ती माझ्यावरच गेली आहे.

सागिन आलाच नाही आणि पुष्पचक्र पाठवले, तर ते परत करावे. त्याच्या जागी चुलतभावाने किंवा भाच्याने उभे राहू नये. काठी तंबूला टेकवून ठेवावी आणि येणाऱ्यांना ती रिकामी जागा दिसू द्यावी.

कलम ८. दोन रात्री झाल्यावर, मला उचलण्याआधी, सगळे जमलेले असताना शार्शेन मामितोव यांनी सागिनला एकच प्रश्न विचारावा. कोणता ते त्यांनी ठरवावे. सागिनने उत्तर द्यावे. उत्तर काय असावे हे मी सांगत नाही. "दोष माझा नाही आणि कारण हे" असे म्हणाला तर तेही उत्तर आहे. लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये, कोणी हात उचलू नये, फोनवर चित्रण करू नये. त्याने फोनशी नाही, माणसांशी बोलायचे आहे. तो रडला तर रडू द्यावे, पण रडण्याला उत्तर धरू नये.

कलम ९. जनाज्याच्या नमाजाच्या वेळी इमाम लोकांना विचारतात, "ही कशी बाई होती?" आणि लोक एका सुरात म्हणतात, "चांगली होती." बायका दूर उभ्या असतात, पण ते उत्तर आम्हालाही ऐकू येते. ज्याला मी स्वतः घोडेचोरीची शिक्षा दिली होती, त्यालाही गावाने चांगला म्हटले, आणि मला ते ऐकून बरे वाटले होते. ते शब्द सोबत घेऊन जायला मिळावेत असे प्रत्येकाला वाटते. मलाही वाटते. फार वाटते.

तरीही मी असे ठरवते की, सागिनने कलम ८ प्रमाणे उत्तर दिले नाही, किंवा तो आलाच नाही, तर इमामांनी विचारल्यावर गावाने गप्प राहावे. संसदेसाठी तो बोलला नाही आणि शार्शेनसाठीही बोलला नाही. आई साक्षीवाचून मातीत जाऊ नये म्हणून तरी तो बोलेल, असे मला वाटते. माझे चुकत असेल तर त्याचा भार मी उचलीन.

कलम १०. या पत्राची एक प्रत सागिनला आजच टपालाने पाठवत आहे. मला लपवून काही करायचे नाही. आरोपीला तारीख आधी कळली पाहिजे. मी जिवंत असताना तो आला, रस्ता ओलांडून शार्शेनच्या घरी गेला आणि तिथे बोलला, तर कलम ७, ८ आणि ९ रद्द समजावीत, आणि मला त्याच दिवशी पुरले तरी चालेल. हे पत्र अमलात आणण्याचे काम सोनुनचे. तिला कोणी अडवले तर तिने हे मोठ्याने वाचून दाखवावे.

हे सर्व मी वाचून पाहिले. माझेच आहे.

सही: काकिन सारीबाएवा
ठिकाण: साय-बाशी. दिनांक: ३ ऑक्टोबर २०१९.

साक्षीदार १: बाकतीकान इसाएवा, सचिव, ग्रामकचेरी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: शार्शेन मामितोव, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. पण मला कलम नऊ मान्य नाही आणि तसं मी एजेंना तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, "एजे, बोलायचं त्यानं, आणि शिक्षा तुम्हाला? हा कुठला न्याय?" एजे म्हणाल्या, साक्षीदारानं सहीची साक्ष द्यायची, मजकुराशी भांडायचं नाही. मी नाही ऐकलं. माझी माणसं गेली तेव्हा या बाईनं माझ्या दारात बसून चाळीस दिवस माझ्यासाठी स्वयंपाक केला, मुलाचं नाव एकदाही न घेता. सागिन बोलो न बोलो, इमामांनी विचारलं की मी म्हणणार, चांगली होती. एजे म्हणाल्या, मग हे सहीखाली लिहा. म्हणून लिहिलं.

साक्षीदाराची हरकत मी ऐकली. कलम ९ कायम ठेवते. बाकीच्यांनी गप्प राहावे. शार्शेनना मला अडवता येत नाही, आणि अडवावेसे वाटतही नाही. सगळे गाव गप्प असताना एकट्या त्यांचाच आवाज आला, तर तिथे काठी धरून उभ्या असलेल्या माझ्या मुलाला तो नीट ऐकू जाईल.

सही: काकिन सारीबाएवा