काठोकाठ प्याला

आदरणीय साबिरा एजे,

कोचकोरहून तुमचा धाकटा भाऊ एसेनबेक छातीवर हात ठेवून सलाम करतो. तुमचे गुडघे कसे आहेत? मेंढरं, घोडी, शिंगरं खुशाल ना? (बिश्केकला चौथ्या मजल्यावर तुमच्याकडे फक्त एक मांजर आहे हे मला ठाऊक आहे, पण थोरल्या बहिणीला गुराढोरांची खुशाली न विचारणारा मुलगा आपल्या आईने वाढवला नाही.) पत्राला तसं कारण काही नाही. आपली जिबेक शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आली. गल्लीत प्रत्येकाला दोनदा सांगून झालं, आता ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

प्रयोग असा. तबकाला तीन दोऱ्या बांधायच्या, त्यात चहाचा प्याला ठेवायचा आणि डोक्यावरून गरागरा फिरवायचं. प्याला उलटा होतो, चहा सांडत नाही. मी म्हटलं, चहाला कोणीतरी बाहेर ढकलत असणार. तर ही अकरा वर्षांची नात मला म्हणते, "आजोबा, ढकलत कोणी नाही. चहाला सरळ पळायचंय, तबक त्याला वळवतं." चाळीस वर्षं मी दोरीला धरून शिंगरं गोल पळवली, तळहात सोलून घेतले, पण सरळ पळायचंय त्याला आणि वळवतोय मी, हे इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नाही. (तुम्ही मला लहानपणी ढ म्हणायचात. आपल्या घरात अक्कल एक पिढी सोडून उतरते.) सरावात पाच प्याले फुटले, बैठकीतला दिवा गेला आणि सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू फिरवत मीच होतो. (दोनदा होतो.)

घोटाळा झाला तो प्रदर्शनात. घरी सरावाला चहा ओतायची माझी बायको, आणि ती पाहुण्याला ओतावा तसा घोटभरच ओतायची. मुख्य परीक्षक म्हणून नारिनहून एक वयस्क गृहस्थ आले होते. ते म्हणाले, एवढ्याशा चहात सांडायचं काय? झालं, प्याला काठोकाठ भरला गेला. (कोणी भरला ते गर्दीत कोण बघतो?) जिबेकने तबक दहा वेळा गरागरा फिरवलं. थेंब नाही. टाळ्या पडल्या. मग त्या गुणी पोरीने तोच प्याला दोन्ही हातांनी त्या वडीलधाऱ्या माणसापुढे धरला, आणि टाळ्या थांबल्या. भरलेला प्याला, एजे! नको असलेल्या पाहुण्यालासुद्धा आपण चारदा थोडाथोडा ओततो, आणि इथे शंभर माणसांदेखत त्यांना 'प्या आणि उठा' म्हणून सांगितलं गेलं. ते उठले, कल्पाक डोक्यावर नीट बसवली आणि चालू लागले. बिश्केकच्या स्पर्धेला कोणाला पाठवायचं हे त्यांच्याच हातात होतं.

जिबेक मात्र किटली घेऊन अंगणात धावली आणि त्यांच्या गाडीपुढे उभी राहिली. "आगाय, तो प्याला प्रयोगाचा होता. तुमचा हा," म्हणाली, आणि घोटभर चहा ओतून दिला. ते प्यायले. तिने पुन्हा घोटभर दिला. असे सहा प्याले झाले, आत सगळं प्रदर्शन खोळंबलं. शेवटी त्यांनी विचारलं, भरायची अक्कल कोणाची? "माझीच," ती म्हणाली. ते हसले, परत आले आणि तिलाच पहिला नंबर दिला. खरं सांगतो एजे, मी रडलो. शेजारच्या टेबलावर कांद्याच्या सालींचा प्रयोग होता, त्याच्यावर ढकललं.

तुमचा
एसेनबेक

ता. क. बिश्केकची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. आम्ही चौघं येऊ, दहाएक दिवस, तुमच्याकडेच. बैठकीतलं झुंबर तेवढं उतरवून ठेवा.

आणखी ता. क. प्याला मी भरला होता. "दे त्यांना, बघू देत जवळून," असं तिच्या कानात सांगितलंही मीच. जिबेकने ते कोणालाही सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. फक्त त्या संध्याकाळी चहा तिने ओतला. आजीला घोटभर, आईला घोटभर, आणि माझ्यापुढे काठोकाठ. मी मुकाट्याने प्यायलो, एक थेंब सांडला नाही. आम्ही आल्यावर तुम्ही मला किती ओताल, तेवढं कळवा.