पडलेल्या राक्षसाला सोडून देण्याचा नियम

मी, कुमागाई सेत्सुओ, वय एकाहत्तर, राहणार नोशिरो, प्रांत अकिता, रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त, अविवाहित. माझे हृदय अशक्त झाले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणण्याइतके माझ्याकडे कुणी येतही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर आणि त्यामागची जागा माझ्या बहिणीचा मुलगा मिउरा योइची, राहणार सेंदाई, याला द्यावी. बँकेत आणि पोस्टात जे काही असेल तेही त्यालाच. बहीण गेल्यापासून तो मला दोनदा भेटला. दुसऱ्या भेटीत कपाट उघडून म्हणाला, "मामा, अजून ते राक्षसबिक्षस खेळता? या वयात?" त्याचे उत्तर येथे देतो : हो. छप्पर उत्तरेकडून गळते. बर्फ पडण्याआधी बघून घे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पाने, पक्कड, तेलाची झारी आणि रेल्वेचा जुना हातदिवा, योइचीला देऊ नयेत. तो ती गंजवील. गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात द्यावीत.

कलम ३. गेमची यंत्रे नऊ आहेत, सर्व चालू स्थितीत. ती कोणासाठी, हे सांगण्याआधी ती माझ्याकडे का आहेत ते सांगितले पाहिजे. नाहीतर योइचीप्रमाणे नोटरीसाहेबांनाही वाटेल की म्हातारा बालिश होता.

मी पंचेचाळीस वर्षांचा असताना आमची सिग्नल केबिन बंद झाली आणि मला तिकीट खिडकीवर बसवले. संध्याकाळी करण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा मी हा खेळ शिकलो. यंत्रात राक्षस पाळायचे, वाढवायचे. झुंजीला प्रत्येकाने तीन आणायचे. ज्याचे तिन्ही आधी पडतील तो हरला. पडलेला राक्षस झुंज संपली की पुन्हा उभा राहतो. तोगाशी शिनपेई याच्या सोबा शेवयांच्या खानावळीच्या माडीवर आम्ही दर रविवारी दुपारी जमत असू. एके काळी एकोणीस माणसे होती. शिक्षक, बंदरावरचे मजूर, एक निवृत्त नर्स.

अडचण अशी होती की सगळे तेच चार राक्षस आणत. जो वेगवान तो आधी मारतो, जो आधी मारतो तो जिंकतो. बघायला कंटाळा येई. मग मी नियम करू लागलो. पहिला नियम : ते चार बाद. एका महिन्यात सगळ्यांना पुढचे चार सापडले. मला कळले की राक्षस बाद करून भागत नाही, जगच बदलावे लागते.

म्हणून मी क्रम उलटा केला. जो सर्वांत सावकाश, तो आधी मारेल. लोकांनी अडगळीतून गोगलगायी आणि दगडासुर बाहेर काढले. त्या रविवारी हाताकेनाका मिझुहो पहिल्यांदा आली. दातांच्या कवळ्या बनवण्याचे काम करी, वय तेव्हा तीसच्या आसपास, बोटांवर नेहमी प्लास्टरची पांढरी पूड. तिने आणलेल्या पाखराकडे एक फुंकर होती, समोरच्याला वेगवान करणारी. शत्रूला वेग कोण देणार? ती फुंकर कुणी वापरतच नसे. तिने फुंकर मारली, आमच्या गोगलगायी चपळ झाल्या, आणि चपळ झाल्या म्हणून रांगेत शेवटी गेल्या. तिने सगळ्यांना झोपवले.

तोगाशी खालून सोबाचे वाडगे घेऊन वर आला आणि ओरडला, "सेत्सुओ, तुझ्याच नियमानं तुला गाडलं की रे बाईनं!"

त्यानंतरचे बहुतेक नियम मी तिला हरवण्यासाठी केले. एक हल्ला एका झुंजीत एकदाच वापरायचा, असा नियम केला, कारण तिची सगळी मदार घंटासुर नावाच्या राक्षसाच्या एका घणाघातावर असे. तिने घणाघात राखून ठेवला, ढाली पुढे केल्या, आणि आमचे मोठे हल्ले त्या ढालींवर वाया घालवून घेतले. तिसऱ्या फेरीला आमचे हात रिकामे आणि तिचा घंटासुर ताजा.

"कुमागाईसान, हा नियम माझ्यासाठीच केलाय ना?" ती वाडग्यावरून मान वर न करता विचारी.

"नियम सगळ्यांसाठी असतो."

"मग नियम केल्यावर माझ्याकडेच का बघता?"

अशी आठ वर्षे गेली. मी याहून अधिक काही बोललो नाही. आठवडाभर मी एक कोडे घालण्यात घालवी आणि रविवारी ती ते सोडवी. माझ्याशी इतक्या लक्षपूर्वक दुसरे कुणी कधी बोलले नाही.

तर यंत्रे : तोगाशीच्या माडीवर आजही जे कुणी येत असेल त्यांनी वाटून घ्यावीत. तोगाशीने स्वतः घेऊ नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. नियमांच्या सात वह्या नोशिरोच्या सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. त्यांनी नाकारल्या तर रद्दीत घालाव्यात. मात्र देण्याआधी पाचव्या वहीतला एकशे अठरावा नियम पुढीलप्रमाणे दुरुस्त समजावा.

मूळ नियम : झुंजीत पडलेला राक्षस कायमचा गेला. मालकाने त्याच जागी, सर्वांसमोर, तो यंत्रातून सोडून द्यावा. सोडलेला परत मिळत नाही.

हा नियम मी २०१० च्या नोव्हेंबरात केला. माझा हिशेब असा होता की ती घंटासुर आणणार नाही. कुणीच आपला आवडता आणणार नाही. आणि उसन्या, हलक्या राक्षसांच्या झुंजीत माझी सवय तिच्या हुशारीला भारी पडेल. झालेही जवळपास तसेच. सतरा माणसांनी काल-परवा पकडलेली पिल्ले आणली. तिने एकटीने घंटासुर आणला. सगळे भित्रे झाले असताना जो भीत नाही त्याला जिंकणे किती सोपे, हे तिने ओळखले होते. एकामागून एक पिल्ले पडत गेली आणि लोक हसत हसत ती सोडून देत गेले.

शेवटची झुंज तिची आणि माझी. माझ्याकडे एक गोलकासुर उरला होता. त्याला एकच गोष्ट येई : स्वतः फुटायचे आणि समोरच्याला घेऊन पडायचे. नेहमीच्या खेळात हा वेड्याचा डाव. या नियमात त्याचा अर्थ वेगळा होता. मी बटण दाबले. दोघेही पडले. तिच्याकडे पाखरू शिल्लक होते, म्हणजे जिंकली तीच.

मग सोडण्याची वेळ आली. मी गोलकासुर सोडला. तिचा अंगठा बटणावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. किती वेळ, ते मी सांगू शकतो, कारण वेळ मोजणे माझ्या कामात होते : अकरा सेकंद. नियम माझा होता. तो मागे घेऊ शकेल असा त्या माडीवर मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

तिने बटण दाबले. यंत्राने विचारले, नक्की सोडायचा का? तिने पुन्हा दाबले. मग कोट घातला.

"हाताकेनाकासान, सोबा तयार आहे," तोगाशी म्हणाला.

"आज नको. गाडी चुकेल."

ती खाली उतरल्यावर तोगाशी माझ्यासमोर बसला. "तुला माहीत होतं?"

"काय?"

"घंटासुर तिच्या भावाचा होता. शाळेत असताना पाळलेला. भाऊ आजारानं गेला, तेव्हापासून ती तो एका यंत्रातून दुसऱ्यात नेत आली. मला सांगितलं होतं एकदा, वाडगी धुताना."

"मला नाही सांगितलं."

"तू विचारलंस कधी? तू फक्त नियम करतोस."

मला भाऊ माहीत नव्हता, हे खरे. पण अंगठा थांबलेला मला दिसला होता. कारण माहीत नसतानाही एवढे पुरायला हवे होते. हे मी चौदा वर्षांत कुणाला सांगितले नाही, म्हणून येथे सांगतो.

ती पुढे आली नाही. मोरिओकाला गेली असे कळले. माडीवरची माणसेही कमी होत गेली. त्या दिवसानंतर कुणालाच नवा नियम नको होता आणि जुना खेळ पुरत नव्हता. मी घरी दोन यंत्रे समोरासमोर ठेवून खेळू लागलो. दोन्ही बाजू मीच. शंभराहून अधिक नियम असे तपासले. समोरच्याच्या मनात काय आहे हे आधीच माहीत असले की सगळे नियम सारखेच होतात.

दुरुस्त नियम : पडलेल्याला सोडायचे की ठेवायचे, हे ज्याचा तो आहे त्याने ठरवावे. कुणी कारण विचारू नये.

कलम ५. साक्षीदारांविषयी. या सप्टेंबरात पुढचा वसंत मी बघेन असे डॉक्टरांनी नक्की सांगितले नाही, तेव्हा मी हाताकेनाका मिझुहो हिला पत्र लिहिले. लिहिले की माझ्या वह्या तुमच्या नावे करू इच्छितो. आठ दिवसांनी फोन आला.

"वह्या मला दिल्या, तर सही कोण करणार? ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना?"

"नोटरींच्या ओळखीचं कुणीतरी येईल. तशी माणसं मिळतात."

"तुमच्या ओळखीचं कुणी नाही?"

"तोगाशी आहे."

"आणखी?"

मी माडीवरची माणसे मनातल्या मनात मोजू लागलो.

"मग सही मी करते," ती म्हणाली. "वह्या दुसऱ्या कुणाला द्या."

"तुम्ही अजून रागावल्या आहात का?"

"हो. पण येईन."

म्हणून या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. तोगाशीला चहाचा पेलासुद्धा नाही, आणि ते त्याने बरेच मनाला लावून घेतले आहे.

हे नोटरीसाहेब मोठ्याने वाचतील तेव्हा दोघे समोर असतील. कलम ४ ऐकून हाताकेनाकासान उठून गेल्या तर त्यांना थांबवू नये. मृत्युपत्र अपुरे राहील. त्याला माझी हरकत नाही.

कलम ६. अंत्यविधीला माणसे गोळा करू नयेत. राख आईवडिलांच्या थडग्यात ठेवावी. एक जागा तिथे रिकामी आहे.

वर लिहिलेले माझ्या मनासारखे आहे, म्हणून सही करून शिक्का उमटवतो.

कुमागाई सेत्सुओ (शिक्का)

नोटरींची नोंद : वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्रकर्त्यास वाचून दाखवला. कलम ४ नंतर काही वेळ वाचन थांबवावे लागले. साक्षीदार क्रमांक १ यांनी, त्या कलमात ज्या भावाचा उल्लेख आहे त्याचे नाव लिहिले जावे, अशी विनंती केली. मृत्युपत्रकर्त्याने ते नाव विचारून घेतले, आणि त्याच्या संमतीने नोंद केली आहे : हाताकेनाका नाओझुमी, मृत्यूसमयी वय चौदा.

साक्षीदार १ : हाताकेनाका मिझुहो, मोरिओका (सही, शिक्का)

साक्षीदार २ : तोगाशी शिनपेई, नोशिरो (सही, शिक्का)

स्थळ : नोशिरो
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४