टाक्यावरची गाठ

फतेगंज, बडोदे
४ जून २०२४

ती. आईस,
कौमुदीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. सानवीच्या वेळच्या सिझेरियनच्या टाक्यावर, डाव्या टोकाला, गाठ आली आहे. पाळी आली की ती सुजते आणि इतकी दुखते की मी वर्गात टेबल धरून शिकवते. मुलांना ती माझी शिकवायची पद्धत वाटते.

एका डॉक्टरांनी हर्निया सांगितला. दुसरे नुसतंच "बेन, वजन उतारो" म्हणाले, म्हणजे वजन कमी करा. सासूबाईंच्या मते मी सिलिंडर उचलला म्हणून. उन्मेष नंदेसरीहून, कारखान्यातून आला की मोबाइलवर कॅन्सरबद्दल वाचत बसतो. भीती मलाही तीच आहे. बाबांना कळवू नकोस.

लोभ आहेच, सध्या जरा वाढवावा.
कौमुदी

सांगली
११ जून २०२४

चि. कौमुदीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बाबांनीच वाचून दाखवलं. माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे.

तुझ्या वेळच्या ऑपरेशननंतर माझ्याही टाक्याला असंच व्हायचं, पाळी कायमची जाईपर्यंत. एकदा डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी टॉनिक दिलं. चवीला बरं होतं. पुढे मी कुणाला सांगितलं नाही. तू सांग. पाळीबरोबर दुखतं, हे आधी सांग, बाकीचं मागाहून. आणि बाईमाणसाच्या डॉक्टरकडे जा.

सासूबाईंना नमस्कार. जेवत जा.
तुझी आई

बडोदे
२० ऑगस्ट २०२४

ती. आईबाबांस,
सा. न. वि. वि.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना पहिलं वाक्य तेच सांगितलं. त्यांनी पुढचं फारसं विचारलंच नाही, सोनोग्राफीला पाठवलं. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराचे कण टाक्यात राहतात, तिथेच रुजतात आणि दर पाळीला तिथेही रक्त येतं, असं त्या म्हणाल्या. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गाठ काढली, लिंबाएवढी होती. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. रिपोर्ट वाचून उन्मेष जिन्यात जाऊन बसला. लोक त्याला ओलांडून जात होते. सासूबाई सिलिंडरवर ठाम आहेत, पण आता तो मला उचलू देत नाहीत.

काल पाळी आली. मी दिवसभर दुखायची वाट पाहिली. दुखलं नाही. संध्याकाळी लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन उगाच बांगड्या घेतल्या.

आई, लहानपणी महिन्यातले काही दिवस तू मला मांडीवर बसू द्यायची नाहीस. मी रुसून शेजारी जायची. काल ते आठवलं. दिवाळीला या. सानवी बरीच जड झाली आहे, तरी तू तिला मांडीवर घे. आता तुला दुखणार नाही.

तुमची,
कौमुदी