कोरड्या तलावातली आजी

प्रिय धाकटे,

तुझी ताई सध्या रोज संध्याकाळी तलावात उतरते. घाबरू नकोस, तलाव कोरडा आहे. शाळा सुटल्यावरच्या माझ्या नाटकाच्या वर्गाला आधी प्रयोगशाळा मिळाली होती. तिथे पहिल्याच तलवारयुद्धात काचेची भांडी धारातीर्थी पडली. मग सायकलतळ दिला. तिथे शोकप्रसंग रंगात आला, की कुणीतरी नेमकी घंटी वाजवत सायकल काढायचं. आता शेजारचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीला काढलाय, तो आमच्या मुख्याध्यापकांनी उदार मनाने आम्हाला देऊन टाकला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर त्यांनीच!

पण जागा झकास आहे गं. खोल बाजूला रंगमंच, उतारावर प्रेक्षक. येणं-जाणं लोखंडी शिडीवरून, त्यामुळे मेलेलं पात्रही स्वतःच्या पायांनी चढून जातं. शब्द फरशांवर आपटून परत येतो, म्हणून वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोराला, आमच्या भोंग्याला, जन्मात पहिल्यांदा हळू बोलावं लागतंय. आणि पुटपुटी, जिचा आवाज तिच्या आईनेही धड ऐकला नसेल, ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. पहिल्या दिवशी स्वतःचाच आवाज ऐकून ती मागे वळून बघत होती, कोण बोललं म्हणून.

नाटक पोरांनीच लिहिलंय. एक कुटुंब घर बदलतंय, सामान बांधून झालंय, आणि सगळं विसरणारी आजी जागची हलायला तयार नाही. आता घोडं अडलंय ते आजीपाशीच. जो तो कमरेत वाकतो, काठी शोधतो आणि खोकायला लागतो. यांच्या मते पन्नाशी उलटली की माणूस फक्त खोकतो. भोंगा मला म्हणाला, मॅडम, तुम्हीच करा ना, तुम्हाला मेकअपपण लागणार नाही. त्या कार्ट्याला मी तलावाला फेऱ्या मारायला लावल्या. पण मी खाली उतरले तर काठावर दिवे कोण बघणार? रविवारी प्रयोग, सोमवारी तलावात पाणी सोडणार. आजी मिळाली नाही, तर आमचं नाटक अक्षरशः पाण्यात.

एक गंमत सांगायची राहिली. या तलावात आडोशाने वाक्य सुचवायची सोय नाही. कुजबुजलं, की नटाच्या आधी प्रेक्षकांना ऐकू जातं. म्हणून पोरांनी आपला रिवाज पाडलाय. वाक्य आठवलं नाही, की पात्राने सरळ शेजारच्याला विचारायचं, ‘अरे, मी काय म्हणत होते?’ आणि त्याने भूमिकेतच राहून आठवण करून द्यायची. थांबायचं नाही, ओशाळायचं नाही. काल पुटपुटीने हे इतक्या फणकाऱ्याने विचारलं, की भोंगा स्वतःचंच वाक्य विसरला आणि त्याने तिलाच उलट विचारलं. सगळं कुटुंब मिळून काय बोलायचं ते शोधत बसलं. इतका खरा प्रवेश मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आता तर ही पोरं मुद्दाम विसरतात, मेली!

ते बघताना तू आठवलीस. त्या रात्री रंगमंचावर भर प्रकाशात तुझं वाक्य हरवलं, पडदा पाडावा लागला, आणि तेव्हापासून तू नाट्यगृहाच्या रस्त्याने बाजारातही जात नाहीस, लांबचा वळसा घेतेस. मी कधी विषय काढला नाही. माझ्या जिभेला हाड नसूनही. आज काढते. शनिवारी तालमीला ये आणि आमची आजी हो. आजी शोभायला तू फार तरुण आहेस, हे मी फक्त कागदावर कबूल करते, चारचौघांत नाही. वाक्यं घोकून येऊ नकोस. विसरलीस तर विचार. उत्तर द्यायला अख्खं कुटुंब टपून बसलंय. पोरांना मी अजून काही बोलले नाही, पण पुटपुटीने काल आपणहून तळाशी एक खुर्ची नेऊन ठेवली आणि सगळ्यांना बजावलं, आजी येईपर्यंत हिच्यावर कुणी बसायचं नाही. शिडीची खालची पायरी जरा हलते, तेवढी जपून उतर.

तळाशी तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई