अध्यक्षांच्या खुर्चीतून दिसलेलं विश्व

जळगाव, ता. ९ फेब्रुवारी १९३६

ती. जीवरामनानांस तोतारामचा साष्टांग नमस्कार. धुळ्याची थंडी तुमच्या गुडघ्याला फार छळत नसेल असं धरून चालतो. इथल्या वाचनालयातल्या व्याख्यानाचं अध्यक्षपद मला काय भावात पडलं ते आधी ऐका: एक नवा कोट, पडद्यासाठी मांजरपाटाचा आख्खा तागा, आणि तुमच्या भाचीचं, कमलचं, ठरत आलेलं लग्न.

व्याख्याते म्हणजे नवऱ्या मुलाचे, अभिमनचे, सख्खे काका, पुण्याचे प्रोफेसर. मीच त्यांना बोलावलं (व्याह्यांना कळावं, आम्ही नुसते कापूसवाले नाही). मॅजिक लँटर्नने आकाशाची चित्रं दाखवत ते म्हणाले, दूरचे तारकापुंज आपल्यापासून लांब लांब पळताहेत, आणि एका हद्दीपलीकडचा उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. तेही मी सोसलं. पण पुढे म्हणतात, पाहणारा कुठेही उभा असो, त्याची हद्द त्याच्याभोवती, आणि त्याला वाटतं आपणच मध्यभागी. खरा मध्य कुठेच नाही. नाना, दुसऱ्याच्या बैलगाड्या हाकत निघालेला मी, उभी हयात खपून जिनिंगचा मालक झालो, मधल्या खुर्चीपर्यंत आलो, आणि नरडाणा स्टेशनावरचा हमालही माझ्याइतकाच मध्यभागी?

मी उठलो. म्हटलं, "प्रोफेसरसाहेब, मी सगळी चित्रं या डोळ्यांनी नीट पाहिली. त्यांत असलं काही नव्हतं." सभा खळखळून हसली (मला वाटलं, माझ्या बाजूने). प्रोफेसर नम्रपणे म्हणाले, "अध्यक्षमहाराजांच्या क्षितिजाबद्दल मी काय बोलावं?" पुन्हा हशा. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, सरकीत खडा वाजला तरी कळतो, तिसऱ्या रांगेत मुलाचे वडील पुटपुटले ते स्पष्ट ऐकू आलं, "यांच्या घरात सोयरीक करायची?" घरी आल्यावर तुमची बहीण म्हणाली, "बठ्ठं तुम्हलेच समजस का?" कमल तर माझ्याशी बोलतच नाही. मुलगा तिच्या मनात भरलेला.

माझं मत मात्र कायम आहे. जो कधी दिसणारच नाही असा कापूस मी विकला असता, तर लोकांनी मला बाजारातून हाकललं असतं.

तुमचा,
तोताराम

ता. क. परवा हेच व्याख्यान धुळ्यात आहे. पहिल्या रांगेत बसा आणि कोणतं चित्र कशाचं ते लगोलग कळवा. प्रोफेसरांचा निरोप आहे, कोणत्या चित्राला हरकत होती तेवढं समजावून सांगा, मग लग्नाचं पुढे बोलू.

आणखी ता. क. तुम्हाला अध्यक्ष करू लागले तर नाही म्हणा. अध्यक्षाची खुर्ची सभेकडे तोंड करून मांडतात, पडदा पाठीशी येतो, आणि अध्यक्षाने सभेला पाठ दाखवायची नसते. मी एकही चित्र पाहिलेलं नाही.